भाऊजींचं एक्सेल आणि 'इनटेक'चा कॉलम

गेल्या रविवारी ठाण्याला ताईकडे गेले होते. भाचीची बारावी झालीये, इंजिनीअरिंग नकोय, मेडिकल तर नकोच नको, तिला गणित करायचंय, नुसतं गणित, आणि त्यावरून त्या घरात दोन महिने काय काय चाललंय ते मी फोनवर ऐकत होतेच. पण त्या दिवशी पोहे खाता खाता भाऊजींनी लॅपटॉप उघडला आणि म्हणाले, ये इकडे, तू मॅथ्सवाली ना, हे बघ जरा.

एक्सेल होतं. भाऊजींची नोकरी गोडाऊन आणि ट्रकच्या हिशोबाची, त्यामुळे घरातला कुठलाही प्रश्न शेवटी एक्सेलमध्येच जातो. एका कॉलममध्ये जगभरातली गणितासाठी नावाजलेली विद्यापीठं, शेजारी 'इनटेक' म्हणजे विद्यार्थी किती, आणि मोठ्या आकड्यापासून खाली सॉर्ट केलेलं. लॉजिक असं की जिथे पोरं जास्त तिथे गोष्ट चांगली चालत असणार, वडापावच्या गाडीबाबत आपण लावतो तेच. सगळ्यात वर कॅनडातलं वॉटर्लू, तळाला आपलं आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) आणि सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट). "आणि हिला नेमकं तळातलंच हवंय," भाऊजी म्हणाले.

मी म्हटलं भाऊजी, पहिली ओळ घ्या. वॉटर्लूमध्ये मॅथ्सचा डिपार्टमेंट नाहीये, आख्खी फॅकल्टी आहे, १९६७ पासून, आठ हजारांच्या वर विद्यार्थी, पण त्यात कॉम्प्युटर सायन्स धरलंय, स्टॅटिस्टिक्स, अ‍ॅक्चुअरीवाले म्हणजे विम्याची गणितं करणारे, ऑप्टिमायझेशनवाले, सगळे. नुसतं शुद्ध गणित करणारी पोरं त्यातली थोडीच. उद्या आपल्याकडे कोणी आयटीची सगळी पोरं मॅथ्सच्या हजेरीपटावर चढवली तर आपणही जगात पहिले येऊ.

मग अमेरिका. प्रिन्स्टन, हार्वर्ड, एमआयटी यांच्यापुढे भाऊजींनी कुठून कुठून आकडे आणून भरले होते. पण तिकडे कॉलेजात घुसताना मॅथ्सची अशी सीटच नसते ना! पोरगं आधी कॉलेजात जातं, वर्ष-दीड वर्ष इकडे तिकडे तोंड मारतं आणि मग सांगतं की मी मॅथ्स मेजर. कोणी मॅथ्स आणि फिजिक्स दोन्ही घेतं, कोणी मॅथ्स आणि कॉम्प्युटर. तेव्हा इनटेक विचारलात तर उत्तरच नाही, पदव्या किती दिल्या ते विचारता येतं. आणि त्याच प्रिन्स्टनला पीएचडीला वर्षाला घेतात डझनभराच्या आसपास, म्हणजे आमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये एका टेबलाभोवती जेवढे कोंबून बसायचे तेवढे. भाऊजी गप्प. ताईने चहा आणला.

केंब्रिजचा आकडा मात्र बरा होता, वर्षाला साधारण अडीचशे. (केंब्रिजवर भाऊजी जरा हळवे होतात कारण रँग्लर परांजपे त्यांच्या दापोलीकडचे, मुर्डीचे, आणि १८९९ मध्ये तिकडे गणिताच्या परीक्षेत पहिल्या नंबरात आले, सीनियर रँग्लर, तोही विभागून मिळालेला, पण विभागून हा शब्द भाऊजींच्या घरात उच्चारायचा नाही. पुढे १९१० पासून तिकडे तो नंबर जाहीर करणंच बंद झालं.) तर अडीचशे. पण ऑफर देतात त्याच्या जवळपास दुप्पट! कारण ऑफरसोबत एक अट असते, स्टेप नावाची परीक्षा, पेपर तीन-तीन तासांचे आणि प्रश्न असे की बारावीला शंभरपैकी शंभर मिळवणाऱ्यालाही घाम फुटावा, आणि तिथेच बरीच पोरं गळतात. म्हणजे चाळण दारातच लावलेली आहे. एकदा आत गेलात की गेलात.

उलट स्वित्झर्लंडचं ईटीएच विद्यापीठ बघा. तिथल्या मुलांकडे शाळेचं मातुरा सर्टिफिकेट असलं की सरळ प्रवेश, पहिल्या वर्षी वर्ग भरलेला, आणि वर्षाच्या शेवटी एक परीक्षा, त्यात दोनदा नापास झालात की त्या विषयाला रामराम. जर्मनीतही बऱ्याच ठिकाणी गणिताला जागांची मर्यादाच नाही, या कोणीही, आणि पहिल्या दोन सेमिस्टरमध्ये अ‍ॅनालिसिस आणि लिनियर अल्जेब्रा पोरांना आपोआप वाटेला लावतात. भाऊजींच्या यादीत जर्मनीतलं बॉन बरंच वर होतं, आणि बॉन आहेच भारी, पण तो आकडा चाळणीच्या आधीचा आणि केंब्रिजचा चाळणीच्या नंतरचा, मग एकाखाली एक लिहून काय सॉर्ट करणार? एक म्हणजे दादरला गाडीत चढलेले लोक आणि दुसरा म्हणजे कर्जतला उतरलेले. (शिवाय बॉनला बीएस्सी जर्मनमधून, आणि आपल्या नुसत्या बारावीवर तिकडे थेट घेत नाहीत, जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास किंवा इथे एक वर्ष कॉलेज झालेलं लागतं. याला एक्सेलमध्ये कॉलमच नव्हता.)

हे सगळं मला एवढं पोटतिडकीने सांगावंसं वाटलं कारण मी स्वतः त्या चाळणीतून गेलीये. आमच्या वेळी मुंबई युनिव्हर्सिटीत एफवायला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स, एसवायला एक विषय सुटायचा आणि टीवायला एक धरायचा, सिक्स युनिट मॅथ्स म्हणायचो आम्ही. एफवायला दोन डिव्हिजन, मागच्या बाकावर तिघं तिघं, पंखा दोनच बाकांना लागायचा, आणि टीवायला मॅथ्सला आम्ही उरलो अकरा. त्यात सात मुली. सर पहिल्या दिवशी वर्गात आले, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, चला, स्टाफरूममध्येच बसू. मग वर्षभर आमचा अ‍ॅनालिसिस स्टाफरूममध्ये, सरांच्या डब्याच्या वासात झाला. एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे अ‍ॅनालिसिसचा पायाच, मला तिथे कळलं, एफवायच्या त्या गर्दीत नाही. तेव्हा कॉलेजने बाहेर कोणाला सांगितलं असेल की आमच्याकडे मॅथ्सला दोनशे चाळीस पोरं आहेत तर ते खोटं नव्हतं, आणि अकरा सांगितलं असतं तर तेही खरंच होतं.

भाचीला मी सीएमआयबद्दल सांगत होते. ती उभी करणारे सेषाद्री हे आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतले, १९६५ चं नरसिंहन-सेषाद्री प्रमेय म्हणतात ते त्यातलेच, १९८४ मध्ये ते चेन्नईला गेले आणि १९८९ मध्ये तिथे ही संस्था उभी राहिली, १९९८ पासून बीएस्सी. गंमत म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत त्यांना स्वतःची पदवी देता येत नव्हती, मार्कशीटवर नाव भोपाळच्या भोज मुक्त विद्यापीठाचं. हे ऐकून ताईच दचकली, ओपन युनिव्हर्सिटी? आणि तीच पोरं पुढे जगातल्या बड्या बड्या ठिकाणी पीएचडीला गेली. पॅरिसच्या इकोल नॉर्मालचंही तसंच, एवढीशी संस्था, आणि दहापेक्षा जास्त फील्ड्स मेडल, गणितातलं नोबेल म्हणतात ते, तिथे शिकलेल्यांकडे. आणि देवळालीचे कापरेकर मास्तर, ६१७४ या आकड्याची गंमत शोधणारे, ते तर कुठल्याच एक्सेलमध्ये बसत नाहीत, आयुष्यभर शाळामास्तर, एमएसुद्धा नाही.

भाऊजी म्हणाले, "म्हणजे छोटं तेच चांगलं असं म्हणायचंय का तुला?" नाही हो. छोट्या ठिकाणी बाजूला बसणारी पोरं चार असतात, ती चार बरी निघाली नाहीत तर तीन वर्षं रडायचं. वॉटर्लूसारख्या ठिकाणी गणितातल्या कुठल्याही कोपऱ्यातला विषय काढा, शिकवणारा माणूस सापडतो. मी फक्त एवढंच म्हणतेय की सॉर्ट करण्याआधी कॉलमचं नाव बदला.

मग बदललं. भाऊजींनी तिथल्या तिथे नवीन कॉलम घातला, 'शेवटी किती उरतात', आणि तो जवळजवळ रिकामाच राहिला कारण ही माहिती कोणी पहिल्या पानावर छापत नाही. भाचीने एकेका ठिकाणी मेल पाठवायचं ठरवलंय, की टीवायला मॅथ्सला किती मुलं आहेत आणि आम्ही एक दिवस वर्गात येऊन बसू का. माटुंग्याच्या एका कॉलेजला तर आम्ही दोघी सरळ जाणारच आहोत. आयएसआय आणि सीएमआयच्या परीक्षा मे महिन्यात देऊन झाल्यात, निकाल लागायचाय. या महिन्यात नेस्ट ही प्रवेश परीक्षा आहे, त्यातून कलिन्याच्या सीबीएस या विज्ञान संस्थेत जाता येतं, तिथे सगळे विषय मिळून साठाच्या आत जागा, पण घरून येऊन जाऊन करता येतं म्हणून ताईचं मत पक्कं तिकडे.

निघताना भाचीने विचारलं, मावशी, तुमच्या त्या अकरातले गणितात किती राहिले? मी बोटावर मोजायला लागले. दोघी ज्युनिअर कॉलेजात शिकवतात, एक पीएचडी करून तिकडेच राहिला, मी इन्शुरन्समध्ये प्रीमियमची गणितं करते, ते धरायचं का? "धर," भाऊजी म्हणाले, "वॉटर्लूवाले धरतात."