व्हॅनिलिनचा साबण: तपकिरी रंग धरून केलेली बॅच

मागच्या बॅचच्या वड्या मुरून तयार झाल्या, त्याची ही नोंद. खोबरेल, राइस ब्रान (तांदळाच्या कोंड्याचं तेल) आणि थोडं एरंडेल, कोल्ड प्रोसेस, म्हणजे तेलं आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी न शिजवता मिसळून केलेला साबण. सुगंधाला फक्त शुद्ध व्हॅनिलिन (व्हॅनिलाच्या वासाचा मुख्य घटक), तेलांच्या वजनाच्या १ टक्का. वाण्याकडच्या व्हॅनिला इसेन्सच्या वाटेला जाऊ नका. त्यात व्हॅनिलिन नावापुरतं असतं, साबणात त्याचा वास उरत नाही.

व्हॅनिलिन म्हणजे पांढरे, सुईसारखे स्फटिक. ८१ ते ८३ अंश सेल्सिअसला वितळतात. पाण्यात लिटरला जेमतेम १० ग्रॅम विरघळतं, तेलातही नीट मिसळत नाही. त्यामुळे पूड तशीच ट्रेसला (साबणाचं मिश्रण दाट होऊ लागतं तेव्हा) टाकली तर वडीवर ठिपके उठतात. मी ते आधी कोमट डीपीजीत (डायप्रॉपिलीन ग्लायकॉल या द्रावकात) तळाशी एक कणही न उरेपर्यंत ढवळते आणि मगच घाण्यात, म्हणजे साबणाच्या मिश्रणात, ओतते.

आता रंग. या रेणूत बेंझिनच्या कड्यावर एका टोकाला अल्डिहाइड आणि समोरच्या टोकाला फिनॉलचा हायड्रॉक्सिल गट असतो. कॉस्टिक लागताच फिनॉलचा हायड्रोजन निघतो आणि मिश्रण पिवळं पडतं. पुढचा तपकिरी रंग हवेमुळे हळूहळू चढतो. वडी मधोमध कापली की हे स्पष्ट दिसतं: कडेला चहाच्या रंगाची पट्टी, आत अजून सायीचा रंग. दिवसागणिक ती पट्टी आत सरकत जाते आणि शेवटी अख्खी वडी चॉकलेटी होते. इथिल व्हॅनिलिन या त्याच्या कृत्रिम भाऊबंदाचा वास कितीतरी तीव्र, त्यामुळे कमी लागतं, पण रंग तेही आणतं. रंग रोखणारे स्टॅबिलायझर मेल्ट अँड पोअरमध्ये (तयार साबण वितळवून ओतण्याच्या पद्धतीत) काही काळ साथ देतात. कोल्ड प्रोसेसमध्ये त्यांच्यावर पैसे घालवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. तपकिरी होणारच, तर नक्षीच तशी आखावी.

म्हणून या वेळी अर्धा घाणा बिनवासाचा पांढरा ठेवला. दोन थर सुरुवातीला झकास दिसले, पण व्हॅनिलिन शेजारच्या थरात झिरपतं आणि सीमारेषा धूसर होते. मधे कोकोची बारीक रेघ मारली तिथे ही धूसरता डोळ्यांत कमी भरते.

(लवंगप्रेमींसाठी: टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८७४ मध्ये पाइनच्या झाडातल्या कोनिफेरिन या द्रव्यापासून व्हॅनिलिन बनवलं, पुढे लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलपासूनही ते बनू लागलं.)

सुरक्षेचं नीट वाचा. या कामात खरा धोका कॉस्टिकचा आहे. पाण्यात कॉस्टिक घालायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही. भांडं स्टीलचं घ्या; ॲल्युमिनियमशी कॉस्टिकची क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो. गॉगल आणि हातमोजे आधी चढवा, मग डबा उघडा. व्हॅनिलिनची पूडही डोळ्यांना झोंबते, म्हणून वजन करताना पंखा बंद ठेवा. ॲलर्जी क्वचितच होते, पण बाल्सम ऑफ पेरू (एका झाडाचा सुगंधी चीक) सोसत नसलेल्यांना व्हॅनिलिनही त्रास देऊ शकतं. वडी भेट देण्याआधी विचारून घ्या.

पुढच्या बॅचला पांढरा भाग शेजारी ओतणार नाही. तो वेगळा साच्यात घालून, घट्ट झाल्यावर त्याचे तुकडे तपकिरी घाण्यात रोवणार आहे. झिरपणं त्याने किती मंदावतं, ते वड्या मुरल्यावर कापून फोटोसकट टाकेन.