सोटोला सोडायचं ठरवलंय

मार्च आला की आमच्या फँटसी बेसबॉल लीगच्या ग्रुपवर सगळे एकदम गप्प होतात. एरवी दिवसभर मीम टाकणारी माणसं, पण कीपरची, म्हणजे गेल्या वर्षीचे कोणते खेळाडू ठेवायचे त्याची यादी द्यायची तारीख जवळ आली की कोणी तोंड उघडत नाही, आणि उघडलंच तर समजायचं की काहीतरी पुडी सोडतोय.

यंदा मीही गप्प, कारण न्यूयॉर्कच्या मेट्स टीमचा बॅटर हुआन सोटो मला सोडायचाय. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. आमच्या १२ टीम, प्रत्येकाकडे २६० खोटे डॉलर, त्यात ऑक्शनमध्ये बोली लावून २३ खेळाडू घ्यायचे आणि मग अमेरिकेतल्या मेजर लीगच्या खऱ्या मॅचमध्ये ते जे करतील त्यावर आपले पॉइंट. बॅटिंगच्या पाच कॅटेगरी, पिचिंगच्या (म्हणजे बेसबॉलमधल्या बॉलिंगच्या) पाच. १९८० मध्ये न्यूयॉर्कात डॅनियल ओकरेंट नावाच्या पत्रकाराने मित्रांना जमवून हे सुरू केलं, ला रॉटिसरी फ्रान्सेज नावाच्या रेस्टॉरंटमध्ये बसायचे म्हणून अजूनही याला रोटो म्हणतात. आमच्यात दरवर्षी पाच खेळाडू ठेवता येतात, गेल्या वर्षीच्या किमतीत पाच डॉलर वाढवून. बाकीचे सगळे परत ऑक्शनमध्ये.

आता आपल्याकडच्या लोकांना हे आयपीएलच्या रिटेन्शनसारखं वाटतं आणि आहेही थोडंफार, पण तिथे मेगा ऑक्शनच्या वेळी रिटेन करायचे दर आधीच ठरलेले असतात, २०२५ च्या वेळी पहिल्याला १८ कोटी, दुसऱ्याला १४, असे. आमच्यात तुम्ही गेल्या वर्षी काय भावाने उचललं त्यावर सगळा खेळ. त्यामुळे चांगला खेळाडू कोण हा प्रश्नच नाही, स्वस्तात कोण पडलाय हा प्रश्न आहे. दरवर्षी नवीन येणाऱ्याला हे सांगावं लागतं आणि दरवर्षी तो कुठल्यातरी मोठ्या नावाला महागात ठेवतोच.

माझ्याकडे पण असं एक मोठं नाव आहे, एली दे ला क्रूझ, ४२ चा, म्हणजे आता ४७. त्याला मी सोडतेय आणि त्यात फार विचार पण केला नाही. २०२४ मध्ये त्याने ६७ बेस चोरले (म्हणजे कोणी बॉल मारायची वाट न बघता पळून पुढचा बेस गाठला), २०२५ मध्ये ३७. आणि २०२३ ला नियम बदलले तेव्हापासून, म्हणजे बेस १५ इंचांचे १८ केले, पिचरने किती वेळा मागे वळून थ्रो करायचा त्याला मर्यादा घातली, तेव्हापासून चोऱ्या सगळेच करतात. २०२२ मध्ये पूर्ण मेजर लीगच्या २,४८६ होत्या, पुढच्याच वर्षी ३,५०३. मग नुसत्या चोरीसाठी कोण एवढे मोजणार. डेव्हिन विल्यम्सला २२, तो गेल्या वर्षी एप्रिलमध्येच क्लोजरच्या, म्हणजे शेवटी येऊन मॅच संपवणाऱ्या पिचरच्या जागेवरून गेला, त्यामुळे बाय. स्पेन्सर स्ट्रायडर २७ ला, ऑपरेशननंतर त्याच्या बॉलला पहिल्यासारखा वेग राहिला नाही, जीव तुटतो पण बाय.

ठेवायचे ते सोपे आहेत. निक कर्ट्झला मी एका डॉलरला उचलला होता, आता सहा. रुकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू, ३६ होमरन (आपल्या सिक्ससारखे), त्यात जुलैमध्ये ह्यूस्टनविरुद्ध एका मॅचमध्ये चार. यावर चर्चाच नको. कॅल रॅली १७ ला, कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) असून ६० होमरन मारले त्याने, परत ६० मारणार नाही हे मलाही कळतं, पण ३५ मारले तरी १७ वसूल, कारण बाकीच्यांचे कॅचर काय दिवे लावतात ते बघितलंय.

पीट क्रो-आर्मस्ट्राँग १३ ला. यावर घरी वाद झाला. जुलैमधल्या ऑल-स्टार मॅचपर्यंत २५ होमरन आणि नंतर उरलेल्या सीझनमध्ये फक्त सहा, नवरा म्हणाला की हा फुगा आहे, काहीही बॉल आला तरी बॅट फिरवतो. फिरवतो हे खरंय. पण सेंटरफिल्डला तो गोल्ड ग्लव्हवाला, म्हणजे फिल्डिंगचं बक्षीस मिळालेला आहे, आणि फिल्डिंगचे आपल्याला शून्य पॉइंट असले तरी त्या फिल्डिंगमुळे कोच त्याला बाहेर बसवत नाही, रोज खेळतो, रोज खेळला की ३५ चोऱ्या होतात. १३ ला चालतंय मला. हेराल्डो पेर्डोमो सहाला, त्याचे २० होमरन मला पटत नाहीत, आधी कधी एका सीझनमध्ये दहा पण मारले नव्हते, पण सहा डॉलरमध्ये मला होमरन नकोच आहेत, बाकीचं दिलं तरी पुरे.

म्हणजे चार झाले. पाचवी जागा एकच आणि त्यासाठी दोघं, हुआन सोटो ४५ ला किंवा पॉल स्कीन्स ३३ ला. इथे माझी झोप उडाली.

आता गणित बघा, कारण इथेच बहुतेक लोक फसतात. १२ टीमचे मिळून ३,१२० डॉलर. माझ्या अंदाजाने सगळ्यांचे मिळून ६० कीपर ७२० डॉलरला जातील, पण त्यांची खरी लायकी असेल १,२०० ची. म्हणजे बाजारात राहिला १,९२० चा माल आणि तो घ्यायला लोकांच्या खिशात २,४००. सगळं सव्वापट महाग. त्यामुळे माझ्या हिशोबाने ३४ ची लायकी असलेला स्कीन्स ऑक्शनमध्ये बेचाळीसच्या पुढे जाईल आणि ४० ची लायकी असलेला सोटो पन्नासला. म्हणजे ४५ महाग वाटतात तरी सोटोला ठेवण्यात पण फायदाच आहे, स्कीन्सला ठेवण्यात जास्त. आणि ही वाढ काही सगळ्यांवर सारखी पसरत नाही हं, दोन डॉलरचा खेळाडू दोनलाच जातो, जास्तीचा सगळा पैसा मोठ्या नावांवर पडतो, म्हणजे सोटो पन्नासला थांबेल असंही नाही.

स्कीन्सच्या विरोधात एकच गोष्ट, तो पिचर आहे. खांदा, कोपर, कधी काय होईल सांगता येत नाही, स्ट्रायडरचं बघितलंच. शिवाय पिट्सबर्गच्या पायरेट्स या कमजोर टीममध्ये खेळतो, गेल्या वर्षी ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेले रन) १.९७, सर्वोत्तम पिचरचं साय यंग बक्षीस मिळालं, आणि जिंकल्या किती तर १०, हरल्या पण १०. बिचारा. सोटोचं काय तर ४३ होमरन आणि ३८ चोऱ्या, पण त्याआधी त्याच्या जास्तीत जास्त चोऱ्या १२ होत्या, त्या ३८ पैकी २० तरी परत येतील का यावर सगळं. मेट्सने त्याला १५ वर्षांसाठी ७६५ मिलियन दिलेत आणि मी ४५ खोट्या डॉलरवर अडलेय, असो.

शेवटी ठरलं ते वेगळ्याच कारणाने. आमची लीग न्यू जर्सीतली. १२ पैकी तिघं कट्टर मेट्सवाले, आणि त्यातल्या दोघांकडे यंदा ठेवण्यासारखं काही नाही, म्हणजे खिसे गच्च भरलेले. सोटोचं नाव पुकारलं की हे दोघं एकमेकांना सोडणार नाहीत, साठला गेला तरी मला नवल वाटणार नाही. तेवढे पैसे एकदा टेबलावरून उठले की माझ्यासाठी बाकीचा बाजार जरा उतरतो. स्कीन्सच्या बाबतीत असं होणार नाही, आमच्यात पिट्सबर्गचा कोणीच नाही, त्याला सोडला तर कोणीतरी शांतपणे चाळीसला उचलून नेईल आणि बाकी काहीच हलणार नाही.

अर्थात उलटं पण होऊ शकतं. कोलकात्याने वेंकटेश अय्यरला सोडला आणि मग त्यालाच २३.७५ कोटींना परत घेतला, तसं भर ऑक्शनमध्ये सोटोचं नाव ऐकून माझाच हात वर जायचा. म्हणून नवऱ्याला सांगून ठेवलंय, अठ्ठेचाळीसच्या पुढे बोलले तर लॅपटॉप बंद कर.

तर कर्ट्झ, रॅली, क्रो-आर्मस्ट्राँग, पेर्डोमो, स्कीन्स. ७५ डॉलर गेले, १८ जागांसाठी १८५ उरले. यादी अजून पाठवली नाहीये, शेवटच्या रात्रीपर्यंत थांबणार, कारण एका मेट्सवाल्याला ऑक्शनच्या आधीच सोटो हवाय असं कळलंय, आणि त्याच्याकडे बदल्यात घेण्यासारखा चार डॉलरचा एक क्लोजर पडून आहे.