बरणीतला गोचीड

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या बांडी गाईच्या मागच्या पायाशी पडलेला एक गोचीड मी उचलला आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकला. एरंडाच्या बीएवढा, राखाडी, टच्च फुगलेला. आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कपाळाला हात लावला. "आता ह्ये काय नवं खूळ?"

खूळ जुनंच आहे. मी प्राणिशास्त्रात बीएस्सी केलं, शिवाजी विद्यापीठातनं. लग्न झालं, करवीर तालुक्यात आले, डिग्री ट्रंकेत गेली आणि मी गोठ्यात. दोन म्हशी आणि बांडी ही एचएफ, म्हणजे विलायती होल्स्टिन रक्ताची संकरित गाय. रोज दोन वेळा डेअरीला दूध घालायचं.

मे महिन्यात बांडीनं वैरण सोडली. ताप १०६. आधी तीन दिवस साध्या तापाची इंजेक्शनं झाली, ती कुणी दिली ते जाऊ दे. चौथ्या दिवशी आलेल्या डॉक्टरांनी तिच्या खांद्यापुढं हात फिरवला, लिंबाएवढी गाठ लागली. रक्त काचपट्टीवर घेतलं. थायलेरिया, गोचिडातनं येणारा रोग. दूध १४ लिटरवरनं ४ वर आलं होतं, हिरड्या पांढऱ्याफटक.

हा जंतू विलक्षण आहे. गोचिडाच्या लाळेतनं आत गेला की आधी पांढऱ्या पेशीत घुसतो आणि त्या पेशीलाच भराभर दुणावायला लावतो, जवळजवळ कॅन्सरसारखं. खांद्याची गाठ त्यामुळंच. मग तांबड्या पेशींकडं वळतो, तेव्हा जनावर पांढरं पडतं. बुपार्व्हाक्वोनच्या इंजेक्शननं बांडी वाचली, पण त्या वेताचं दूध काही पूर्ववत झालं नाही. संकरित जनावरांसाठी याची लस असते, हेही मला तेव्हाच कळलं. म्हशी मात्र शेजारी उभ्या राहून निवांत रवंथ करत होत्या. विलायती रक्ताच्या गाईलाच हा रोग जास्त झोंबतो.

आत्तींचं म्हणणं, गोचीड घामातनं होतात. म्हणून ती बरणी.

चार-पाच दिवस काहीच नाही. मग बाईसाहेबांनी अंडी घालायला सुरुवात केली. तपकिरी, चकचकीत, एकमेकांना चिकटलेली, साबुदाण्याच्या शंभराव्या भागाएवढी. आठवडाभर घालतच होती. इकडं ढीग वाढतोय, तिकडं ती सुरकुतत चाललीय. शेवटी चिपाड होऊन मेली. एक मादी दोन-अडीच हजार अंडी सहज घालते. आत्ती रोज बघायच्या, बोलायच्या काही नाहीत.

जुलैत अंडी फुटली. बरणीत लालसर भुकटी फिरतेय असं वाटायचं. भिंगातनं बघितलं तर सहाच पाय. गोचीड कोळ्याच्या जातीचा, म्हणजे आठ पाय हवेत. पण पिल्लाला सहाच असतात, पहिली कात टाकल्यावर आठ होतात. झाकणाच्या भोकाशी मी हळूच फुंकर मारली. सगळी भुकटी झाकणाकडं धावली, पुढचे पाय वर करून. त्या पायांच्या टोकाला वास ओळखायची खळगी असते, श्वास आला म्हणजे जनावर आलं हे तिला कळतं. आत्ती चार पावलं मागं सरल्या.

हा बरणीतला गोचीड निळसर जातीचा. पिल्लू एकदा गाईवर चढलं की तीन आठवडे तिथंच कात टाकतं, तिथंच मोठं होतं, पोट भरलं की अंडी घालायला खाली पडतं. गाईची लघवी लाल करणारा बबेसिया नावाचा जंतू हाच गोचीड पसरवतो, आणि आईकडनं अंड्यातनं तो पिल्लांतही उतरतो. डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू रोनाल्ड रॉसला १८९७ साली सिकंदराबादला सापडला, पण त्याच्या चार वर्षं आधी स्मिथ आणि किलबोर्न यांनी अमेरिकेतल्या गुरांच्या तापाला या निळसर गोचिडाचाच एक भाऊबंद कारण असल्याचं सिद्ध केलं होतं. आम्हाला कॉलेजात रॉस होता. गोचीडवाले नव्हते.

बांडीला पाडणारा मात्र वेगळा. त्याच्या पायांवर पांढरे-तपकिरी पट्टे असतात आणि तो पळतो. तो गाईवर कायम राहत नाही. रक्त प्यायचं, उतरायचं, भिंतीच्या फटीत बसून कात टाकायची, परत चढायचं. आमचा गोठा दगड-मातीचा, फटी म्हणाल तेवढ्या. मी दहा महिने गाईला औषध लावत होते आणि गोचीड भिंतीत होते. रात्री बॅटरी घेऊन गव्हाणीमागं बघितलं तेव्हा अंगावर काटा आला.

मग वैरण बाहेर काढली, गव्हाणी सोडवल्या, पाण्याची बादली जवळ ठेवून दिरानं गॅसच्या बर्नरनं भिंती खालपासून वरपर्यंत शेकल्या. नंतर फटी सिमेंटनं भरल्या, चुना मारला. अंड्यांवर औषध चालत नाही, त्यामुळं फवारणी परत परत करावी लागली.

आत्तींचं एक मात्र बरोबर होतं. त्या रोज संध्याकाळी हातानं गोचीड काढायच्या. थायलेरियाचा जंतू गोचिडाच्या लाळेत तयार व्हायला, तो चिकटल्यावर दोन-तीन दिवस जातात, म्हणजे रोज काढलेला गोचीड बऱ्याचदा वेळेत निघालेला असतो. फक्त त्या नखानं चिरडायच्या आणि उरलेले उकिरड्यावर फेकायच्या. याच पट्टेवाल्या जातीचे गोचीड माणसाला काँगो ताप देऊ शकतात, २०११ मध्ये गुजरातेत त्यानं माणसं गेली. आता चिमटा आणि रॉकेलचा डबा.

माझा भाऊ चंदगडला काजूत काम करतो. घाटाखाली दोडामार्गला २०१६ मध्ये माकडतापानं धुमाकूळ घातला, तोही गोचिडाचाच, पण जंगलातल्या वेगळ्या जातीचा. त्याला मी फोनवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, आमी पायाला तेल लावून जातोय की." मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नको, लगेच कळव, एवढं मात्र त्याच्याकडनं कबूल करून घेतलं.

बरणीचं काय करायचं ते आत्तींनीच ठरवलं. चुलीवर पातेलं चढवलं, पाण्याला उकळी आली, आणि त्यांनी बरणी झाकणासकट त्यात सोडली. काच तडकली. "जाऊंदे," म्हणाल्या, "लोणचं न्हाई तरी कोन घालणार हुतं त्यात?"