फळ्याचा उजवा कोपरा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत काहीतरी लिहा, असा निरोप आला. सहली, स्नेहसंमेलनं, खोड्या यांवर इतर माजी विद्यार्थी माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मला एक पद्धत नोंदवून ठेवायची आहे. आठवी ते दहावीच्या मराठीच्या तासाला आज काय झालं, उद्या काय होणार आणि कोणत्या दिवशी काय लिहून आणायचं, हे वर्गातल्या प्रत्येक लेकराला, त्या दिवशी न आलेल्यालासुद्धा, कळवण्याची जी रीत आपल्या शाळेत होती, ती. मी आता मराठीच शिकवतो आणि ती रीत वापरतो. त्यामुळे तिचे बारकावे आणि ती कुठे अडते, दोन्ही ठाऊक आहेत.

ही रीत मराठीलाच एवढी का लागते, ते आधी सांगतो. गणिताचा तास बुडाला तर सरावसंचाचा क्रमांक विचारला की काम भागतं. धडा किंवा कविता मात्र पुस्तकात असतेच, म्हणून न आलेलं मूल निर्धास्त असतं. "वाचून घेईन की घरी." पण वर्ग कोणत्या ओळीपाशी थांबला, तिथे कोणते दोन अर्थ निघाले, कुणाला काय पटलं नाही, हे पुस्तकात नसतं. बाजारातल्या गाइडात उत्तर मिळतं, वर्गात निघालेला प्रश्न मिळत नाही. म्हणून शाळेचा नियम होता की नोंदीत उत्तर लिहायचं नाही, प्रश्न लिहायचा. बाकीची सगळी व्यवस्था या एका नियमाभोवती उभी होती.

फळ्याच्या उजव्या बाजूला, वरच्या अंगाला, दीड फूट रुंद आणि फूटभर उंच चौकट पांढऱ्या ऑइलपेंटनं आखलेली असे. ती वर का, तर पुढच्या बाकांवरच्या डोक्यांमुळे मागच्यांना फळ्याचा खालचा भाग दिसत नाही. उजवीकडे का, तर खिडक्या डावीकडे होत्या आणि त्या बाजूचा फळा उन्हानं चमकायचा. रेघ ऑइलपेंटची का, तर खडूची रेघ पुढच्या तासाला येणारे सर डस्टरच्या एका हातासरशी पुसून टाकतात, त्यात त्यांचाही दोष नसतो. रंगवलेल्या चौकटीला हात लावायचा नाही, हे मात्र सगळ्या विषयांच्या शिक्षकांना जूनमध्येच सांगितलेलं असे. आतला मजकूर मराठीच्या पुढच्या तासापर्यंत तसाच राही.

चौकटीत चारच ओळी मावतात. तारीख आणि तास. पाठ, पान आणि कुठल्या ओळीपर्यंत आलो. आजचा प्रश्न. काय आणायचं आणि कधी. एक नमुना देतो: "८ जुलै, तास ३. संत जनाबाईंचा अभंग, पान २, दुसऱ्या चरणापर्यंत. प्रश्न: देवाला अरे-तुरे केलं आहे, त्यानं नातं कसं बदलतं? मंगळवारी: १० ओळी." याच तासाची "अभंग शिकवला, अर्थ सांगितला, गृहपाठ दिला" अशीही नोंद होऊ शकते. पण तिच्यावरून घरी बसलेल्या मुलाला काहीच करता येत नाही. पहिल्या नोंदीवरून ते मूल गंगाखेडच्या त्या दासीच्या, जनाबाईंच्या, शब्दांपाशी स्वतः जाऊन थांबू शकतं.

एक गोष्ट नव्या शिक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही. ही चौकट तासाच्या सुरुवातीला भरायची असते. शेवटी भरायची म्हटलं की घंटा होते, दप्तरं आवरली जातात. शेवटचा तास असेल तर एसटीची मुलं दारात उभी असतात, कारण ती गाडी चुकली तर पुढची अंधार पडल्यावर. पाठ, पान आणि देण्याची तारीख हजेरी घेता घेताच लिहून टाकावी. फक्त प्रश्नाची ओळ मोकळी ठेवावी आणि तो वर्गात निघाला की तिथल्या तिथे लिहावी.

फळा पुसला जाणारच, म्हणून वर्गनोंदवही. २०० पानी फुलस्केप, पुठ्ठ्याला भोक पाडून सुतळीनं दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली. ती वर्गाबाहेर न्यायची नाही. हजेरी क्रमांकाप्रमाणे एक मूल आठवडाभर लेखक. रोज लेखक बदलून पाहिला होता, पण आज कोणाची पाळी यातच गोंधळ व्हायचा. महिनाभर एकालाच ठेवलं तर ते कंटाळतं आणि ठरीव शब्द लिहू लागतं. आठवडा बरोबर बसतो. लेखक गैरहजर असेल तर पुढचा क्रमांक आपोआप उठतो, विचारायचं नाही. चौकटीतल्या चार ओळी जशाच्या तशा उतरवायच्या आणि खाली दोन-तीन ओळींत वर्गात कुणी काय म्हटलं ते लिहायचं. या दोन-तीन ओळींतच वहीचा जीव आहे आणि इथेच ती हमखास बिघडते, कारण लेखक शिक्षकांनी सांगितलेला अर्थ उतरवून घेतो आणि मुलांचं म्हणणं गाळतो. शिक्षकांनी सही करण्याआधी रोज एवढंच पाहायचं की मुलांपैकी निदान दोघांचं म्हणणं आलं आहे का.

नोंद कार्बन पेपर घालून लिहिली जाई. मूळ पान वहीत, नक्कल गैरहजर मुलाच्या गावाकडे जाणाऱ्या सोबत्याकडे. कोणाची नक्कल कोणी न्यायची हे जूनमध्येच गावाप्रमाणे ठरलेलं असे आणि प्रत्येक गावासाठी दोन नावं असत, कारण ताप आला तर सख्ख्या शेजाऱ्यांना एकदमच येतो. कार्बनला बॉलपेनच हवं, शाईच्या पेनाचा दाब पुरत नाही. खाली पाटी किंवा पुठ्ठा घ्यावा लागतो. तिसरी नक्कल इतकी फिकट येते की वेलांट्या-उकार कळत नाहीत, म्हणून दोनपेक्षा जास्त मुलं गैरहजर असली की दुसऱ्यांदा लिहिणं बरं.

आता ऊसतोडीच्या मुलांविषयी. यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात हीच खरी कसोटी आहे. दसरा-दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात. आई-बाप मिळून एक कोयता, म्हणजे टोळीतली एक जोडी, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली. मूल सोबत गेलं की मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. म्हणजे दुसरं सत्र जवळजवळ पूर्ण जातं. जी मुलं आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात त्यांचा प्रश्न सुटतो. जी जातात त्यांच्यासाठी शाळेनं साप्ताहिक पान केलं होतं.

निघण्याआधी तीन गोष्टी मुलाच्या हातात पडल्या पाहिजेत: पाठ्यपुस्तक, १०० पानी कोरी वही आणि दुसऱ्या सत्राच्या पाठांची तारीखवार यादी. पुस्तक मागे राहिलं तर पुढची सगळी पानं वाया जातात. निघायच्या गडबडीत भांडी, अंथरूण, धान्य यांत ते मागे राहतंच. म्हणून ते मुलाच्या हाती न देता पालकांच्या हाती द्यायचं. त्यानंतर दर आठवड्याला एक पान, एकाच बाजूनं लिहिलेलं. त्यात वर्ग कुठे पोहोचला, पाठ करायच्या चार ओळी, वर्गात निघालेले दोन प्रश्न आणि लिहायचं एकच काम. एकच, कारण ते मूल धाकट्या भावंडाला सांभाळून लिहीत असतं. गावाकडून कारखान्यावर कोणी ना कोणी जात असतं, त्याच्याकडे तीन-चार आठवड्यांची पानं एकत्र द्यायची आणि येताना लिहिलेली वही मागवायची. पानांवर क्रमांक घालणं फार महत्त्वाचं. ५ नंतर ७ आलं तर मुलाला कळतं की मधलं पान हरवलं, नाहीतर ते स्वतःलाच दोष देत बसतं. परत आलेल्या वहीवर शेरा लिहून ती पुढच्या माणसाबरोबर जायलाच हवी. ज्या वहीवर शेरा येत नाही तिच्यात दुसऱ्यांदा कोणी लिहीत नाही.

देण्याची तारीख ठरवताना गावचं कॅलेंडर पाहावं. सोयाबीन काढणीत आणि कापूस वेचणीत वर्ग निम्मा असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काही मागू नये. लातूर-धाराशिवकडे येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, सगळं गाव शेतात जेवायला असतं. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन असतं. आठवडी बाजाराचा वारही टाळावा. राहिलेल्या दिवसांत मंगळवार किंवा बुधवार सर्वात चांगला, कारण मध्ये रविवार मिळालेला असतो आणि विसरलेल्याला आणखी दोन दिवस शाळेतच गाठता येतं.

आताच्या दहावीच्या कुमारभारतीचा, म्हणजे मराठीच्या पाठ्यपुस्तकाचा, विचार करताना एक भर घालावी लागते. लेखी ८० गुणांपैकी गद्य १८, पद्य १६, स्थूलवाचन ६, भाषाभ्यास १६ आणि उपयोजित लेखन २४. हे २४ गुण कुठल्या एका पाठातून येत नाहीत. पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा, प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन हे सगळं सरावातून येतं. 'पाठ ७ झाला' एवढंच कळलेल्या मुलाला यातलं काय झालं आणि काय राहिलं याचा पत्ताच लागत नाही. म्हणून वर्गनोंदवहीच्या मागच्या बाजूनं उपयोजित लेखनाचा वेगळा तक्ता असावा. आडवे लेखनप्रकार, उभे हजेरी क्रमांक, चौकटीत लिहिल्याची तारीख. रिकाम्या चौकटी मुलांना स्वतः दिसतात.

कामाची सूचना किती नेमकी असावी, याचं सर्वात चांगलं उदाहरण म्हणजे जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचा गृहपाठ. "ओव्या लिहून आणा" असं नुसतं सांगितलं की पुस्तकातल्या ओव्या येतात. आपल्याकडे सूचना अशी असे: पाच ओव्या. म्हणणाऱ्या बाईंचं नाव, माहेर आणि सासर. ती ओवी कशाच्या वेळी म्हणतात, दळताना की लग्नाच्या हळदीला. आणि उच्चार जसा कानी पडला तसा. ही शेवटची सूचना चौकटीत लिहून, तोंडानं सांगून, पुन्हा दुसऱ्या दिवशी सांगावी लागते. तरीही मुलं आजीचं 'व्हतं' खोडून 'होतं' करतात, कारण शाळेच्या वहीत शुद्धच लिहायचं असतं हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. अशानं ओवीची लय मोडते आणि आजीची बोलीही जाते. फळ्यावर एक ओवी दोन्ही तऱ्हांनी लिहून, दोन्ही म्हणून दाखवली की मुलांना फरक कानानं कळतो. दुसऱ्या कशानंही मी तो समजावू शकलेलो नाही.

दिलेलं काम तपासून कधी मिळणार, हेही कळवायचं असतं. ६० मुलांचा वर्ग, एका निबंधाला ५ मिनिटं, म्हणजे सलग ५ तास. एकाच दिवशी सगळ्या वह्या घेतल्या तर त्या पंधरा-पंधरा दिवस शिक्षकांच्या टेबलावर पडून राहतात आणि मुलांचं त्यातलं मन उडतं. त्याऐवजी हजेरीप्रमाणे १५-१५ चे चार गट आणि प्रत्येक गटाला वेगळा वार. १५ वह्या म्हणजे सव्वा तास, दोन ऑफ तासांत बसतात. मिळाल्याची आणि परत दिल्याची तारीख एकाच ओळीत लिहिली की शिक्षकालाही आपला उशीर दिसतो.

मोबाइल आल्यापासून व्हॉट्सॲप गटावरच सगळं भागेल असं वाटतं. तो उपयोगी आहे, पण फळ्यानंतर. घरात फोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर शेतात जातो. म्हणून संदेश संध्याकाळी सातच्या सुमारास, फोन घरी आल्यावर टाकावा. गटात फक्त शिक्षकांनाच लिहिता येईल अशी सेटिंग ठेवावी, नाहीतर सुप्रभातच्या चित्रांखाली गृहपाठ सापडत नाही. फळ्याचा फोटो न टाकता त्याच चार ओळी टाइप कराव्यात. फोटो कमी नेटवर्कवर उघडत नाही, उघडला तरी खडूची अक्षरं वाचता येत नाहीत. टाइप केलेला मजकूर मात्र तारखेनं शोधताही येतो. वही न दिलेल्यांची नावं किंवा गुण गटावर कधीही टाकू नयेत. पालकांचे नंबर दर सत्राला पुन्हा विचारून घ्यावेत, कारण सिम कार्डं बदलत राहतात.

शाळेच्या कार्यालयातल्या लाकडी कपाटात जुन्या वर्गनोंदवह्यांचे गठ्ठे अजून आहेत, असं कळलं. या वर्षी ते उघडावेत, अशी माझी मनापासून विनंती आहे. सुतळी सोडून वह्या सावलीत दोन दिवस पसरून वारा द्यावा, ऊन देऊ नये, कागद तडकतो. कार्बनच्या नकला कुठे राहिल्या असतील तर आधी त्यांचे फोटो काढावेत, त्या लवकर पुसट होतात. मग प्रत्येक वहीवर इयत्ता, तुकडी आणि वर्ष पेन्सिलीनं लिहून त्या सुती कापडात बांधाव्यात, प्लॅस्टिकमध्ये नको, ओल धरते. ओव्यांच्या गृहपाठाची पानं वेगळी काढावीत. त्यांत ज्या आज्यांची नावं आहेत, त्यांच्या घरी एकेक प्रत पोहोचवावी.