‘काहीच बदललं नव्हतं’

ऑक्टोबरमधली रात्र, डोंबिवलीतली माझी दहा बाय दहाची खोली, डासांमुळे खिडकी बंद. कॉम्प्युटर गेममध्ये शर्यतीच्या शेवटच्या वळणावर गाडी होती आणि स्क्रीन जागच्या जागी थिजली. आवाजाचा एकच तुकडा अडकून टर्रर्र वाजत राहिला. माउस हलेना, कॅप्स लॉक दाबला तर दिवासुद्धा लागेना. निळी स्क्रीन नाही, एरर नाही. पॉवरचं बटण दाबून धरून बंद केला, परत चालू केला. चाळीस मिनिटांनी पुन्हा तेच.

हा पीसी मी स्वतः जोडलेला. 2023 च्या सुरुवातीला लॅमिंग्टन रोडवर दोन शनिवार पायपीट करून घेतलेला रायझन 5 5600 प्रोसेसर, बी550 चा मदरबोर्ड, आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड, 550 वॉटचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा. स्वतः जोडलेल्या मशीनची एक अडचण असते, बिघडली की शिव्या घालायला दुकानदार नसतो.

मित्राला फोन लावला. तो एका कंपनीत सपोर्टला आहे. त्याचा पहिलाच प्रश्न, “काही बदललंस का?”

“छे, काहीच नाही.”

त्याने तो विषय तिथेच सोडला. मीही.

पहिला संशय गरमीवर. ऑक्टोबर हीट होतीच. तापमान बघायला एचडब्ल्यूइन्फो टाकलं: खेळताना प्रोसेसर 74 अंश, ग्राफिक्स कार्ड 71. या प्रोसेसरची मर्यादा 90 ची, म्हणजे तक्रारीला जागा नव्हती. तरी कॅबिनेटचं झाकण काढून शेजारी टेबलफॅन लावला. आई म्हणाली, “घरातली माणसं घामाने निथळतायत आणि त्या डब्याला दोन-दोन पंखे.” दोन दिवसांनी विजेचं बिल भरताना, म्हणजे खेळ बंद असताना, प्रोसेसर जेमतेम 45 वर असताना मशीन थिजली. पंखा आईच्या खोलीत परत गेला.

विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर उघडला तर लाल खुणांची रांग: कर्नल-पॉवर 41. नावात पॉवर आहे म्हणून मी लगेच एसएमपीएसला दोषी ठरवून मोकळा झालो. खरं तर ही नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी विंडोज नीट बंद न होता मशीन बंद झाली. बटण दाबून बंद केली तरी तीच नोंद पडते. म्हणजे ती रांग माझ्याच बोटाची होती! हे मला आठवडाभराने कळलं, तोवर मित्राचा 650 वॉटचा एसएमपीएस मागून आणला होता.

तो बसवताना कॅबिनेटला हात लागला आणि मुंग्या आल्या. आधीही यायच्या, पण सवय झाली होती. मल्टिमीटरची एक पिन कॅबिनेटच्या पत्र्याला, दुसरी बाथरूमच्या लोखंडी नळाला, वायर ताणून कशीबशी लावली. 104 व्होल्ट. इलेक्ट्रिशियन काकांनी बोर्ड उघडून दाखवला: तीन पिनचा सॉकेट, पण मागे अर्थिंगची वायरच नाही. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि 230 च्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज दाखवतो. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या मुंग्या. “अहो, असंच चालवत होतात इतकी वर्षं?” काकांनी विचारलं. मीटरपासून हिरवी वायर ओढून घेतली. मुंग्या गेल्या. मला वाटलं, सापडला चोर.

त्याच रात्री साडेअकराला मशीन थिजली. मित्राचा एसएमपीएस, नवं अर्थिंग, सगळं जागेवर असताना.

मग रॅम तपासणारा मेमटेस्ट86 हा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून रात्री लावून झोपलो. सकाळी स्क्रीनवर लाल ओळी, म्हणजे चुका. आता रॅमकडे पाहिलं आणि पोटात गोळा आला. कारण गणपतीत मी आठ-आठ जीबीच्या आणखी दोन स्टिक घेतल्या होत्या. जुन्या दोन, नव्या दोन, मॉडेल तेच, वेग तोच, 3200. त्यानंतर तीन आठवडे सगळं सुरळीत होतं, म्हणून माझ्या लेखी हा ‘बदल’ नव्हताच. सुरळीत होतं कारण नव्या स्टिक लावल्यावर बोर्डाने स्वतःच एक्सएमपी, म्हणजे रॅम पाकिटावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करून रॅम 2666 वर आणली होती. दसऱ्याच्या सुट्टीत टास्क मॅनेजरमध्ये तो आकडा दिसला, पैसे 3200 चे दिले होते, म्हणून बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मी एक्सएमपी परत चालू केलं. एक ओळ. तेही मी बदलात धरलं नव्हतं.

वाटलं, नवी जोडी खराब असेल, दुकानात परत देऊ. पण नुसती नवी जोडी लावून रात्रभर चाचणी केली, 3200 वर, एकही चूक नाही. नुसती जुनी जोडी, तीही स्वच्छ. चारही एकत्र 2666 वर, स्वच्छ. चारही 3200 वर, लाल. एकटी-एकटी निर्दोष, एकत्र आल्या की भांडण.

रॅमशी बोलणारा कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असतो आणि चार स्टिकचा भार त्याला जड जातो. एएमडीच्या यादीत या प्रोसेसरला दोन स्टिकवर डीडीआर4 3200 आहे. चार असतील तर, माझ्यासारख्या सिंगल रँकच्या, म्हणजे चिपचा एकच गट असलेल्या असूनही, 2933. पाकिटावरच्या 3200 ची हमी त्या पाकिटातल्या जोडीपुरती. शिवाय टॉर्च मारून लेबलं पाहिली तर मॉडेल एकच, पण खालचा बारीक व्हर्जन नंबर वेगळा. नाव तेच ठेवून आतल्या चिप बदलण्याची रॅमच्या धंद्यात रीतच आहे.

एक्सएमपीच ठेवलं, फक्त वेग हाताने 2933 केला. आणखी एक रात्र मेमटेस्ट, शून्य. मग सलग चार तास शर्यत, आई दोनदा डोकावून गेली.

एसएमपीएस परत द्यायला गेलो तेव्हा मित्राला सगळं सांगितलं. त्याने एसएमपीएस उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, “याचा एक स्क्रू कुठंय?”

“जसा आणला तसाच आहे,” मी म्हणालो. “काहीच बदललं नाही.”

स्क्रू अजून सापडलेला नाही.