एसएमपीएस ‘ओके’ आहे म्हणे!

कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो म्हणून कुणाकडेही जा, पहिलं उत्तर ठरलेलं: “फॉर्मॅट मारावा लागेल.” माझं डीटीपीचं काम आहे, पुण्यात, घरातूनच. ऐन दिवाळी अंकांच्या गडबडीत मशीनने हे सोंग सुरू केलं. जड फोटो उघडे ठेवून पीडीएफ काढायला घेतली की स्क्रीन काळी. विंडोज कोसळल्यावर येतो तो निळा पडदा नाही, कसला मेसेज नाही. लाईट गेल्यासारखं बंद, आणि क्षणात आपोआप पुन्हा चालू. आमच्या गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्याने सवयीने फॉर्मॅट मारला, रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर फिरवला आणि “ताई, आता बिनघोर काम करा” म्हणून पैसे घेऊन गेला. संध्याकाळी मशीन पुन्हा आडवं.

खोडरबराची मी चेष्टा करत नाही. पट्ट्या काळवंडल्या असतील तर त्याने खरंच फरक पडतो. पण त्याआधी एक साधा प्रश्न विचारायचा असतो, तो कुणीच विचारत नाही: मशीन बंद पडतं म्हणजे नेमकं कसं? निळा पडदा येऊन पडतं, गोठून जागच्या जागी अडकतं, की थेट वीज तुटल्यासारखं जातं? निम्मं निदान त्यातच आहे.

विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ असतं, म्हणजे मशीनमध्ये काय काय घडलं त्याची नोंदवही. त्यात ‘विंडोज लॉग्ज’ आणि मग ‘सिस्टिम’ उघडलं की ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसते. नावात पॉवर आहे म्हणून पुष्कळ जण लगेच एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, विकत आणतात. ती नोंद फक्त इतकंच सांगते की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. खरी गोष्ट तिच्या ‘डिटेल्स’मध्ये असते. तिथे बगचेक-कोड (विंडोज का कोसळलं ते सांगणारा आकडा) शून्य असेल, तर विंडोजला पडताना काही लिहून ठेवायलाही सवड मिळालेली नाही. मशीन गोठल्यावर आपण बटण दाबून बंद केलं तरी शून्यच येतो, तेवढं ध्यानात ठेवा. माझ्याकडे शून्यच होते, आणि बटणाला मी हात लावला नव्हता.

मग मी वीज, उष्णता आणि मदरबोर्ड यांच्या मागे लागले. एचडब्ल्यूइन्फो नावाच्या प्रोग्राममध्ये प्रोसेसरचं तापमान सत्तरीच्या वर जात नव्हतं. क्रिस्टलडिस्कइन्फोने डिस्क ठणठणीत दाखवली. रॅमसाठी पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ टाकून रात्रभर चालवलं, एकही चूक नाही. (त्यात एक जरी चूक आली तरी ती हसण्यावारी न्यायची नाही. पण रॅमला दोष देण्याआधी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला जास्त वेगाने पळवणारी सेटिंग, बंद करून पुन्हा तपासा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा.) नंतर यूपीएस मधून काढून वायर थेट भिंतीतल्या प्लगला लावली. तरी तेच.

भाच्याकडून त्याचा एसएमपीएस एका दिवसापुरता मागून आणला. तो लावून तेच फोटो, तीच पीडीएफ, सगळं एकदम चालवलं. मशीन हललंसुद्धा नाही. माझा परत लावला, पुन्हा काळोख! सुटे भाग अदलाबदल करून बघण्यासारखी दुसरी तपासणी नाही. उसना भाग मिळत असेल तर सगळ्यात आधी तेच करा, मी उगाच रात्री जागवल्या.

एसएमपीएस वॉरंटीत होता, बिल होतं. त्यामुळे काम झालंच असं मी धरून चालले होते, आणि खरी कथा तिथून पुढे.

कंपनीचं नाव लिहीत नाही. सर्व्हिस सेंटरला टोकन घ्यायचं, बाकावर बसायचं, नंबर आला की काचेपलीकडच्या मुलाला बॉक्स द्यायचा. त्याच्या कॉम्प्युटरवर तक्रार निवडायची यादी होती. मी मान वाकवून वाचली: ‘डेड’, ‘फॅन नॉइज’, ‘बर्निंग स्मेल’, ‘फिजिकल डॅमेज’. माझं दुखणं त्यात कुठेच नव्हतं. मी म्हटलं, “लोड आला की, म्हणजे कामाचा भार वाढला की, बंद पडतो, असं लिहा.” तो म्हणाला, “मॅडम, तसा ऑप्शन नाही.” आणि त्याने ‘डेड’ निवडलं.

पुढे काय होणार ते तिथेच ठरलं. त्यांच्याकडे तळहाताएवढा टेस्टर असतो. चोवीस पिनांचा मोठा कनेक्टर त्यात खोचला की एसएमपीएस मदरबोर्डाशिवाय सुरू होतो, छोट्या पडद्यावर १२, ५, ३.३ असे व्होल्टचे आकडे येतात आणि हिरवे दिवे लागतात. त्या कनेक्टरमधली हिरवी तार काळ्या तारेला जोडून एसएमपीएस नुसता सुरू करून बघतात तोच हा प्रकार, फक्त डबीत घातलेला. अशा टेस्टरवर भार जवळजवळ शून्य. माझं मशीन पूर्ण जोरात असतं तेव्हा प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड मिळून बारा व्होल्टच्या तारांवरून वीसेक अँपिअर ओढतात. गोठ्यात उभा बैल बघून “नांगराला चालेल” म्हणण्यातली गत. फोन आला: “मॅडम, पीस ओके आहे, घेऊन जा.” कागदावर ‘नो फॉल्ट फाउंड’.

तक्रार ‘डेड’, तपासणीत जिवंत सापडला, म्हणून तक्रार खोटी. त्यांच्या हिशेबाने सगळं बरोबर! इकडे चार अंकांची पानं माझ्या डोक्यावर, अप्पा बळवंत चौकातला छापखानेवाला सकाळ-संध्याकाळ फोन करतोय, आणि मी भाच्याच्या एसएमपीएसवर दिवस काढतेय. भाचा गेम खेळणारा, त्याने वहीत उसनवारीची तारीख घालून ठेवली होती. मी पुन्हा गेले. पुन्हा टोकन, पुन्हा बाक, पुन्हा तीच यादी. या खेपेला ‘अदर’ हा पर्याय सापडला, तर तो निवडल्यावर पुढे लिहायला जागाच उघडत नव्हती.

तेव्हा तापकीर गल्लीत जाऊन एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणला. एसएमपीएसच्या मोकळ्या चार पिनांच्या कनेक्टरमध्ये पिवळ्या तारेच्या पिनेवर लाल प्रोब आणि शेजारच्या काळ्या तारेवर काळी प्रोब लावली. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ तीनशेच्या वर व्होल्ट टिकून राहू शकतात. बाहेरच्या कनेक्टरवर मोजता येतं तेवढं आपल्याला पुरे. मशीन नुसतं चालू असताना ११.९. मग ओसीसीटी या मशीनवर भार टाकून बघणाऱ्या प्रोग्राममधली पॉवरची टेस्ट लावली. ती प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघांना एकदम कामाला जुंपते. आकडा ११.६ झाला, ११.४ झाला, ११.२ वर आला आणि काळोख. बारा व्होल्टला पाच टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे ११.४ ही खालची हद्द. भाच्याच्या एसएमपीएसवर हीच टेस्ट, आकडा ११.९ च्या खाली उतरला नाही. दोन्ही वेळचे व्हिडिओ काढले, स्क्रीन आणि मल्टिमीटर एकाच चौकटीत येतील असे. इथे एक सांगून ठेवते: मल्टिमीटर संथ असतो. क्षणभराची घसरण तो दाखवत नाही. आकडा ठीक आला म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, घसरलेला दिसला तर मात्र तो पुरावा आहे.

काचेपलीकडचा मुलगा व्हिडिओ बघायला तयार नव्हता. “मॅडम, आम्ही आमच्या टेस्टिंगवरच जातो.” मी म्हटलं, ठीक आहे, मग ‘ग्राहकाने भाराखाली तपासणी मागितली, आम्ही नाकारली’ एवढं जॉबशीटवर, म्हणजे तक्रार नोंदवलेल्या कागदावर, लिहून सही द्या, मला १९१५ ला फोन करायला सोपं जाईल. हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर, फुकट लागतो. आवाज चढवला नव्हता मी, पण बाकावरचे लोक बघायला लागले. तो आत गेला.

आतून चाळिशीचा, हातात सोल्डरिंग गन असलेला एक माणूस आला. त्याने व्हिडिओ पूर्ण पाहिला, दुसरा मागून पाहिला, आणि म्हणाला, “थांबा दहा मिनिटं, लोडवर लावतो.” आतल्या टेबलावर ग्राफिक कार्ड असलेलं एक उघडं मशीन त्यांच्याकडे होतंच! इतके दिवस होतं. मला दारातून दिसत होतं, पंखा फिरताना आणि मग एकदम थांबताना. तो बाहेर येऊन इतकंच बोलला, “गेलाय.” त्या एका शब्दाने मला झालेला आनंद काय सांगू!

दुसऱ्यांना सांगते ते हे: जॉबशीटवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, आणि त्यात ‘लोडवर बंद पडतो’ हे शब्द हवेतच. यादीत नसेल तर पेनाने लिहायला लावा. बिल थर्मल कागदाचं असेल तर घेतलं त्याच दिवशी झेरॉक्स काढा, वर्षभरात अक्षरं उडतात. एसएमपीएसवरचा सिरियल नंबर कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी मोबाईलवर टिपून ठेवा, नंतर तो स्टिकर नेमका भिंतीकडे तोंड करून बसतो. नवीन घेणार असाल तर डब्यावरचा मोठा वॅटचा आकडा बघू नका, स्टिकरवर बारा व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि बाराने गुणा. ४५० वॅट म्हणून विकलेल्या डब्यावर १८ अँपिअर असतील तर प्रोसेसरला आणि कार्डाला मिळून २१६ वॅटच मिळणार. आणि हो, जुन्या इमारतीत राहत असाल तर अर्थिंग वायरमनकडून एकदा तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी तेच.

बदली एसएमपीएस मिळाला, अंक वेळेत गेले, भाच्याचा त्याला परत. निघताना त्या माणसाने सहज सांगितलं की बदलून दिलेल्या पीसची वॉरंटी जुन्या बिलाच्या तारखेपासूनच मोजली जाईल. मी तेही जॉबशीटवर लिहून घेतलं, सहीसकट.