ताठ कण्याचा मानव

आमच्याकडे सध्या अश्मयुग चालू आहे. चिरंजीव पाचवीत, सहामाही तोंडावर, आणि परिसर अभ्यासातला आदिमानव थेट ताटापर्यंत येऊन पोचलाय. परवा वरणभात कालवताना म्हणाला, "आई, अंगठा नसता तर आपल्याला हे जमलंच नसतं." मी म्हटलं, आहे ना अंगठा? मग आवर पटपट.

चौथीचं वर्ष शिवाजी महाराजांचं. वर्षभर घरात पुठ्ठ्याच्या तलवारी आणि सोफ्यावर पन्हाळगड. पाचवीत एकदम लाखो वर्षं मागे उडी: कुशल मानव, ताठ कण्याचा मानव, शक्तिमान मानव, बुद्धिमान मानव. ही नावं ज्याने कुणी मराठीत आणली त्याला माझा नमस्कार. होमो इरेक्टस म्हटलं की मला औषधाच्या दुकानात उभं असल्यासारखं वाटतं. ताठ कण्याचा मानव म्हटलं की तो समोरून चालत येताना दिसतो.

गणिताचं पुस्तक उघडतं तेच रोमन अंकांनी. आय किंवा एक्स हे चिन्ह सलग तीनपेक्षा जास्त वेळा लिहायचं नाही, असा नियम त्यात आहे. नियम पाठ झाल्यावर साहेबांची नजर गेली भिंतीवर, माझ्या सासऱ्यांच्या जुन्या घड्याळाकडे. "आई, घड्याळ चुकलंय." मी घाबरून मोबाईल बघितला, वेळ तर बरोबर होती. चूक चारच्या आकड्यात होती. तिथे आय आणि व्ही नाही, चार उभ्या काड्या! कितीतरी जुन्या घड्याळांत चार असाच लिहिलेला असतो, पण माझ्या इतक्या वर्षांत ते कधी लक्षातच आलं नव्हतं. सासरे म्हणाले, "पन्नास वर्षं वेळ बरोबर दाखवतंय, त्याचे अर्धा गुण कापा फार तर."

अपूर्णांकांना मात्र मी आमची लोकल वापरली. तीन जणींची सीट, चौथी आली, तर प्रत्येकीला किती? "तीन चतुर्थांश," त्याने लगेच सांगितलं. उत्तर पुस्तकापुरतं बरोबर. पुस्तकात 'समान भाग' असं लिहिलेलं असतं, आणि चौथ्या सीटवर बोरिवली ते चर्चगेट एका मांडीवर गेलेल्या बाईला समान भाग म्हणजे काय ते विचारावं. पण हे मी बोलले नाही. परीक्षेत लिहून आला असता.

तर मूळ मुद्दा अश्मयुगाचा. हातकुऱ्हाड, तासणी, सूक्ष्मास्त्रं असं सगळं घोकून झाल्यावर त्याने विचारलं, हे लोक राहायचे कुठे? मी आपलं मोघम आफ्रिका वगैरे सांगून मोकळी होत होते, तेवढ्यात सासऱ्यांनी पेपरातून मान वर केली. "कांदिवलीत."

आम्हाला थट्टा वाटली. पण खरंच आहे ते. १९३० च्या दशकात टॉड नावाच्या आरमारातल्या एका अधिकाऱ्याला मुंबईच्या आसपास दगडी हत्यारं सापडली होती आणि त्यांतली महत्त्वाची जागा कांदिवली. १९३९ साली त्याने त्यावर निबंधही छापला. म्हणजे जिथे आम्ही रिक्षावाल्याला "स्टेशन येणार का?" असं अजीजीने विचारतो, तिथेच कुठेतरी एक जण उकिडवा बसून दगडावर दगड मारून धार काढत होता. पलीकडे राष्ट्रीय उद्यानातून येणारी पोयसर नदी. तिला आम्ही नाला म्हणतो, त्याने काय म्हटलं असेल कोण जाणे.

त्या दिवसापासून मुलगा मान खाली घालून चालायला लागला. शेजारची बिल्डिंग पुनर्विकासाला गेलीय, तिथल्या खोदकामातून येणारा प्रत्येक दगड त्याला तपासायचा असतो. वॉचमनकाकाही आता त्याच्यासाठी दगड बाजूला काढून ठेवतात.

परीक्षेची मला थोडी धाकधूक आहेच. आठवीपर्यंत सरसकट वर ढकलायचे दिवस गेले. पाचवीच्या वार्षिक परीक्षेत नापास, पुरवणीतही नापास, तर पुन्हा पाचवीच. पण आत्ता काळजी वेगळ्याच गोष्टीची लागली होती. सकाळी ऑक्टोबरच्या उन्हात गेटबाहेर पडणाऱ्या त्याच्याकडे खिडकीतून बघितलं, तर कंबरेत वाकून, मान पुढे काढून चाललेला. पुस्तकातल्या त्या रांगेत हा पार डावीकडच्या टोकाला शोभला असता.

संध्याकाळी वजनकाटा काढला. दप्तरासकट पस्तीस किलो आठशे, दप्तराशिवाय एकतीस. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त नसावं, असा नियम आहे. वजाबाकी त्यानेच केली, एक किलो सातशे ग्रॅम जास्त निघाले. मी शाळेवर, वह्यांवर, पाण्याच्या बाटलीवर तोंडसुख घेत दप्तर उपडं केलं. कंपासपेटी, चुरगळलेली सूचना, अर्धी चिक्की आणि तळाशी, टर्किशच्या नॅपकिनमध्ये नीट गुंडाळलेला एक काळा दगड.

"हातकुऱ्हाड आहे," तो म्हणाला. "बाईंना दाखवायची होती."

"मग दाखवलीस?"

"तीन दिवस झाले, पोर्शन चालू आहे. बाई म्हणाल्या, परीक्षेनंतर."

दगड मी ओट्याच्या कडेला ठेवला, फेकायचाच या विचाराने. रविवारी नारळ फोडायला घेतला तर कोयता सापडेना. इकडे शोधलं, तिकडे शोधलं, शेवटी समोर दिसलं ते हातात घेतलं. पकड छान होती, अंगठा बरोबर खाचेत बसत होता. दुसऱ्याच फटक्यात नारळ फुटला, पाणी वाटीत.

वळून बघते तर दारात चिरंजीव उभे, हातात परिसर अभ्यासाचं पुस्तक, बोट पानावर.

"कुशल मानव," तो म्हणाला, आणि पान उलटून पुढे वाचायला लागला.